दाराबाहेरची धून

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा स्टेडियममध्ये जाऊन फुटबॉलची मॅच पाहिली. गळ्यात हिरवा स्कार्फ होता, आजूबाजूला हिरव्या स्कार्फातली पोरं घसा फोडून ओरडत होती, आणि मी मनातल्या मनात देवाकडे मागत होतो की समोरच्या लाल संघाने एक गोल करावा. एकच. जास्त नको.

ते का, ते सांगतो.

माझे वडील वसईत बँडमास्तर होते. माझ्या आत्याच्या लग्नासाठी त्यांनी एक धून बांधली. तिचे दोन भाग. पहिला भाग नवऱ्याकडच्या बँडने दाराबाहेर उभं राहून वाजवायचा : आम्ही आलोय, दार उघडा. दुसरा भाग नवरीकडच्यांनी आतून वाजवायचा : आलात खरे, पण तुम्ही कोणाचे, तुम्हाला शिकवलं कोणी? मग बाहेरच्यांनी आपल्या मास्तरचं नाव मोठ्याने घ्यायचं, की दार उघडलं. पुढे आमच्या आळीतल्या प्रत्येक लग्नात ती वाजू लागली. पहिल्या भागाचा शेवटचा सूर वडिलांनी मुद्दाम अधांतरी सोडलाय. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी पायाला लागू नये, तसं होतं तो ऐकून. ती पायरी दुसऱ्या भागात आहे.

वडिलांचा एक नियम होता, तो मीही पाळत आलो. पहिला भाग कोणालाही शिकवायचा. दुसरा भाग फक्त त्यालाच, ज्याने पहिला भाग कधी वाद्य न धरलेल्या एखाद्या लहान मुलाला शिकवलाय. नुसतं वाजवता आलं म्हणून भागत नाही. दुसऱ्याच्या ओठांतून सूर काढायला बसलं की आपल्याला किती येतं ते कळतं.

मी तीस वर्षं दुबईतल्या हॉटेलांमध्ये ट्रम्पेट वाजवला. आता मी आणि माझी बायको जोसेफिन मुलाच्या व्हिसावर शारजात, अल मजाजला राहतो. खाली खाडीचं पाणी, वर आमचा सातवा मजला. दर शनिवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये मुलं शिकायला येतात. माझ्या हाताखालून किती मुलं गेली ते मी मोजलेलं नाही. पण दुसरा भाग ज्यांना मिळाला ते मला नावानिशी पाठ आहेत. या जानेवारीपर्यंत अकरा जण.

डेरिक त्या अकरांत नाही.

तो दहाव्या वर्षी माझ्याकडे आला. त्याचे आईवडीलही आमच्या वसईचेच. एवढा हुशार मुलगा मी पाहिला नाही. इतरांना सहा महिने लागायचे ते तो सहा आठवड्यांत करायचा, आणि वर जोसेफिनने तळलेले आठ-आठ फुगे, म्हणजे आमच्याकडचे आंबवलेल्या मैद्याचे गोळे, एका बैठकीत संपवायचा. सतरा वर्षांचा झाल्यावर मी त्याला म्हटलं, आता तिसऱ्या मजल्यावरच्या करेनला पहिला भाग शिकव. करेन तेव्हा आठ वर्षांची होती. तो दोनदा गेला.

"अंकल, ती सूर धरतच नाही," तो म्हणाला. "माझा टाइम वेस्ट होतोय. मला दुसरा पार्ट द्या ना, मी तो एका दिवसात बसवतो."

"बसवशील रे. पण आधी करेन."

तिसऱ्या वेळी तो करेनकडे गेला नाही. माझ्याकडेही आला नाही. राग आला नव्हता मला. मुलं सोडून जातात.

आज डेरिक एकोणतीस वर्षांचा आहे आणि दुबईतल्या एका विद्यापीठाच्या बँडचा प्रमुख आहे. इथल्या काही विद्यापीठांत फुटबॉलच्या मॅचचा सगळा थाट अमेरिकेतल्या कॉलेजांसारखा असतो. त्यांची आणि आमच्या शारजातल्या एका विद्यापीठाची दर फेब्रुवारीत मॅच होते. ते लाल, हे हिरवे. दुपारपासून पार्किंगमध्ये गाड्या लागतात, डिक्या उघडतात, डिकीतून बिर्याणीची पातेली आणि इथल्या दाट दुधाच्या करक चहाचे थर्मास निघतात, आणि गाड्यांच्या रांगांमधून दोन्ही बँड वाजवत फिरतात. हरणाऱ्यांच्या दारातल्या ससाण्याच्या पुतळ्याला आठवडाभर जिंकणाऱ्यांचा स्कार्फ घालावा लागतो. लाल लोकांची आणखी एक रीत आहे. त्यांचा गोल झाला की बँड एक धून वाजवतो आणि स्टँडमधली हजारभर माणसं आपापल्या गाडीच्या किल्ल्या वर धरून खुळखुळवतात.

हे मला कळलं ते अस्मीमुळे. प्रल्हाद आणि कुंदा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, त्यांची ही मुलगी. नवव्या वर्षी माझ्याकडे आली, आता त्या हिरव्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. तिने आपल्या धाकट्या भावाला, आरवला, पहिला भाग शिकवला होता. अकरावी ती.

जानेवारीतल्या एका शनिवारी मुलं गेल्यावर तिने फोन माझ्या कानाशी धरला. "अंकल, लिसन. धिस इज अवर ट्यून, राइट?"

आमचीच होती. पहिला भाग, सूर न् सूर तोच. शेवटचा सूर अधांतरी सुटला की ढोलावर एक धाडकन ठोका दिला होता, भोक पडलेल्या भिंतीवर कॅलेंडर लावतात तसा. आणि हजार माणसं हातात किल्ल्या नाचवत, दार उघडा, दार उघडा, अशी विनवणी करत होती. आपण काय वाजवतोय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"पुढे त्याचा इंटरव्ह्यू आहे," अस्मी म्हणाली. "डोन्ट गेट अँग्री, ओके?"

डेरिक खुर्चीत रेलून सांगत होता की ही धून त्याला दुबई मरीनाला पाण्याकाठी चालताना सुचली. एका रात्रीत बांधली, म्हणाला.

मी त्याला फोन केला. त्याने आवाज लगेच ओळखला, जोसेफिनची चौकशी केली, फुग्यांची आठवण काढली. मग मी धुनीचं विचारलं.

"अंकल, प्लीज," तो हसला. "ती लग्नातल्या बँडची जुनी ट्यून आहे. अशा ट्यूनला कोणी मालक नसतो."

"मालक नसेल. बाप आहे. माझाच बाप आहे तो. तू त्याचा फोटो आमच्या हॉलमध्ये सात वर्षं पाहिलायस."

"मग काय करू? इंटरव्ह्यूमध्ये वसईची स्टोरी सांगत बसू? कोणाला इंटरेस्ट आहे?" मग तो म्हणाला, "आणि खरं सांगू का, राग मानू नका. तुम्ही ती ट्यून एका फ्लॅटमध्ये कोंडून ठेवली होती. मी तिला स्टेडियममध्ये नेलं. तुमच्याकडे राहिली असती तर तुमच्याबरोबरच गेली असती."

मी फोन ठेवला. जोसेफिन म्हणते, त्या दिवशी मी जेवलो नाही. मला आठवतं ते एवढंच की संध्याकाळी मी खाडीकाठी एका बाकावर बसलो होतो आणि मनात अगदी स्वच्छ, शांत असं काहीतरी बसत चाललं होतं. चाळीस वर्षं मुलांना शिकवताना जो धीर लागतो, तोच होता तो. फक्त आता त्याला धार आली होती.

त्याच्याकडे अर्धीच धून होती. बाहेर उभं राहणाऱ्याची. आतली माझ्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी अस्मीला बोलावून मी बेत सांगितला. त्यांचा गोल झाला, त्यांनी पहिला भाग वाजवला, शेवटचा सूर लटकला, की समोरून तुमच्या आठ ट्रम्पेटनी दुसरा भाग वाजवायचा. बस.

तिने विचारलं, "अंकल, हे म्युझिकसाठी आहे की डेरिकसाठी?"

"डेरिकसाठी," मी म्हणालो. मुलांशी खोटं बोलू नये.

"सगळ्यांसमोर त्याचा पोपट होईल."

"व्हावा."

"ओके," ती म्हणाली. "आय जस्ट वॉन्टेड टू नो."

मॅचला पाच आठवडे होते. हिरव्या बँडचे आठही ट्रम्पेटवाले घरी आले. पहिला भाग त्यांना दोन दिवसांत आला. त्या रविवारी मी जोसेफिनला सांगितलं, उद्यापासून दुसरा सुरू करतो.

ती पीठ मळत होती. "आठांपैकी किती जणांनी कोणाला पहिला शिकवलाय?"

"अस्मीने."

"मग बाकीचे सात?"

"या वेळेपुरतं जाऊ दे. दिवस कमी आहेत."

"डेरिकलाही असंच या वेळेपुरतं वाटलं असेल," ती म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

मी तिच्यावर चिडलो, गॅलरीत जाऊन उभा राहिलो, आणि परत आत येऊन टॉवरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला : ज्यांना ट्रम्पेट शिकायचा आहे अशी लहान मुलं पाठवा. आठ मुलं आली. सात जणांनी सात वाटून घेतली, आणि पुढचे तीन आठवडे आमच्या घरात जे चाललं होतं त्याला संगीत म्हणता येणार नाही. स्वयंपाकघरात एक जोडी, बेडरूममध्ये दोन, बाथरूममध्ये एक, कारण तिथे आवाज घुमतो. पण एकेक करून सातही मुलांनी ओबडधोबड का होईना, पहिला भाग काढला. शिकवणारी पोरं वठणीवर आली होती. स्वतः वाजवताना जे सूर ती घाईने गिळायची, ते मुलांना समजावून सांगताना त्यांना नीट उच्चारावे लागले.

आठवा मुलगा उरला तो रेयांश. सात वर्षांचा. दोघांनी त्याच्यापुढे हात टेकले. दोन सूर वाजवले की हा खुर्चीखाली, तिसऱ्या सुराला गॅलरीत. "आय नो इट ऑलरेडी," म्हणायचा आणि फुटबॉल घेऊन लिफ्टकडे पळायचा.

दुसरा भाग आम्ही तळघरातल्या पार्किंगमध्ये बसवला. ट्रम्पेटच्या तोंडात आवाज दाबणारी बुचं घालून, गाड्यांच्या मधे उभं राहून. बाहेर फुटायला नको होता. ऐकणारा एकच, आमचा वॉचमन उझैर. तो पेशावरचा. इतकी वर्षं त्याने माझ्या खिडकीतून फक्त पहिला भाग ऐकला होता. पहिल्यांदा दुसरा भाग पूर्ण वाजला तेव्हा तो खुर्चीतून उठून आला.

"अंकलजी, तो ये यहाँ ख़त्म होता है," तो म्हणाला. "आठ साल से मेरे दिमाग़ में अटका हुआ था."

मग तो शनिवार आला. चारची मॅच. कुंदाने डिकीतून साठ वडापाव वाटले. आमच्या टॉवरमधली ती सात पोरंही तोंडाला हिरवा रंग फासून आली होती, आणि रेयांशही, फुटबॉलसाठी. गाड्यांच्या रांगांमधून लाल बँड गेला. सर्वांत पुढे डेरिक, पांढरा कोट, सोनेरी बटणं, हातात काठी. त्याने मला पाहिलं. क्षणभर काठी अडखळली. मग त्याने हसून मान लववली, लग्नात लांबच्या म्हाताऱ्या नातेवाइकापुढे लववतात तशी.

मीही लववली.

मॅचचा पूर्वार्ध कोरडाच गेला. मध्यंतरानंतर हिरव्यांनी गोल केला. आमचा स्टँड उसळला, माझ्या पाठीवर कोणीतरी थापा मारल्या, प्रल्हादने मला मिठी मारली. मी बसून राहिलो.

"अंकल, स्माइल," खालच्या रांगेतून अस्मी म्हणाली. "वी आर विनिंग."

"त्यांचा एक होऊ दे."

"डोन्ट से दॅट हिअर," ती दबक्या आवाजात म्हणाली. आजूबाजूच्या दोघांनी वळून पाहिलंच.

सत्तर मिनिटं झाली. पंच्याहत्तर. लाल संघाचे दोन फटके बाहेर गेले, एक खांबाला लागला. खांबाला लागला तेव्हा माझ्या तोंडून 'अरेरे' निघालं आणि प्रल्हाद माझ्याकडे बघत राहिला. "काका, तुम्ही कोणाकडून?" मी काय सांगणार? समोर डेरिक रेलिंगला टेकून उभा होता, निवांत. आज वाजवायची पाळीच आली नाही तर त्याचं काय जाणार होतं? पुन्हा पुढच्या फेब्रुवारीत. माझ्या वयाला पुढच्या फेब्रुवारीचा भरवसा धरता येत नाही. ही आठ पोरंही पांगतील, आणि तो म्हणाला होता तसंच होईल, धून माझ्याबरोबरच जाईल.

शहाऐंशीव्या मिनिटाला आमच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला. रेफ्रीने पेनल्टी दिली. लाल खेळाडूने चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला, आणि कोपऱ्यात मारला.

आमच्या अख्ख्या स्टँडने डोक्याला हात लावला. मी एकटा उभा राहिलो.

समोर किल्ल्या वर गेल्या. डेरिकने काठी उचलली आणि माझ्या बापाची धून सुरू झाली. वाजवत उत्तम होते ते, हे मला कबूल करायला हवं. हजार किल्ल्या खुळखुळत होत्या. शेवटचा सूर वर चढला, तिथे लटकला, ढोलावर धाडकन ठोका पडला.

आणि अस्मीने ट्रम्पेट ओठांना लावला.

आठ जणांचा पहिला सूर नेमका त्या लटकलेल्या सुराला जाऊन भिडला, आणि तिथून पायरी पायरीने खाली उतरू लागला. कोणाचे तुम्ही? शिकवलं कोणी? घाई नाही, गडबड नाही, एकेक सूर पूर्ण. शब्द कोणालाच माहीत नव्हते, माहीत असायची गरजही नव्हती. हे त्याचं उत्तर आहे, हे कानाला कळतं. किल्ल्यांचा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विरत गेला. लाल स्टँडमधली माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. कोणीतरी हसलं. आमची पोरं शेवटच्या सुरावर उतरली आणि थांबली.

डेरिकची काठी अजून वरच होती.

मग त्याने चूक केली. त्याने बँडला पुन्हा वाजवायला लावलं. पहिल्यापेक्षा मोठ्याने, पहिल्यापेक्षा जलद. शेवटचा सूर लटकला, आणि आम्ही पुन्हा उत्तर दिलं. या वेळी टॉवरमधली ती सात पोरंही तोंडाने गाऊ लागली होती, मग स्टँडही. डेरिक लाल झाला होता. त्याने तिसऱ्यांदा काठी उचलली. तिसऱ्यांदा उत्तर आलं ते दोन्ही बाजूंनी. त्याच्या स्वतःच्या लाल स्टँडने, हातातल्या किल्ल्या खाली धरून, ला-ला करत दुसरा भाग म्हटला, कारण तो म्हटल्याशिवाय त्यांनाही चैन पडेना. त्याच्या ट्रम्पेटवाल्यांपैकी एक मुलगी तर ट्रम्पेट मांडीवर ठेवून टाळ्या वाजवत होती.

त्याने काठी काखेत धरली आणि पाठ फिरवून उभा राहिला. मी त्याच्या पाठीकडे शेवटची शिट्टी वाजेपर्यंत बघत होतो. मॅच एक-एक अशी सुटली म्हणे.

पुढच्या शनिवारी सकाळी हॉल मुलांनी भरलेला असताना बेल वाजली. जोसेफिनने दाराच्या भिंगातून पाहिलं.

"डेरिक आहे," ती म्हणाली.

"असू दे."

"हर्बर्ट."

"बघतो मी." मी दाराशी गेलो. दार उघडलं नाही. "कोण आहे?"

"अंकल, मी. डेरिक." आवाज बसलेला होता. "माझी पोरं मला विचारतायत की पुढचा पार्ट कुठाय. डीनने बोलावलं होतं. व्हिडिओ सगळीकडे गेलाय. मी तो इंटरव्ह्यू काढून टाकलाय. दुसरा लिहून आणलाय, त्यात तुमच्या वडिलांचं नाव आहे. तुम्ही वाचा. प्लीज, दार उघडा."

हॉलमधली मुलं वाजवायची थांबली होती. सगळ्यांना ठाऊक होतं दाराबाहेरच्याला काय विचारतात ते.

"कोणाचा तू?" मी विचारलं. "तुला शिकवलं कोणी?"

बाहेर लिफ्ट आली, कोणीतरी बाहेर पडलं, त्याच्याकडे बघत गेलं असणार. मग तो काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही. मी म्हातारा माणूस आहे."

"हर्बर्ट घोन्साल्विस," तो मोठ्याने म्हणाला.

मी दार उघडलं. कागद त्याने पुढे केला, तो मी जोसेफिनकडे दिला. त्याची नजर मुलांच्या डोक्यांवरून भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या फोटोकडे गेली आणि तिथेच राहिली.

"दुसरा पार्ट द्याल ना, अंकल?"

"देईन की. नियम माहीत आहे तुला."

"करेन तर आता कॅनडाला असते."

"करेनचं राहू दे." मी गॅलरीच्या दिशेने हाक मारली. रेयांश चेंडू काखेत घेऊन आला, डेरिकच्या बुटांपासून केसांपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आर यू न्यू?"

डेरिकने माझ्याकडे पाहिलं. त्याने कोपऱ्यातली मुलांची प्लास्टिकची छोटी खुर्ची ओढली आणि गुडघे छातीशी घेऊन बसला. "येस," तो म्हणाला.

आता तो दर शनिवारी येतो. फुगे खातो, पण दोनच. रेयांशला दोन सूर नीट यायला लागलेत. माझ्या अंदाजाने पहिला भाग पुरा व्हायला दीड वर्ष जाईल, कारण मुलगा फार चंचल आहे. आणि तो तिसऱ्या सुराच्या जवळ आला की मीच त्याला म्हणतो, जा बाळा, खाली जाऊन थोडा फुटबॉल खेळून ये.